वापरलेली हायफाय सिस्टीम विकायचीये, रास्त भाव ठरवायचा कसा?

निवांत_ऐकणारा

मंडळी नमस्कार, जरा सल्ला पाहिजे. नवीन घर आत्ताच्यापेक्षा लहान आहे त्यामुळे सिस्टीम काढायची ठरवलीये, छोटे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (अँप आतच असलेले) तेवढे ठेवणार आणि बाकी सगळं विकणार. बायकोचं म्हणणं मिळेल त्या भावात काढ आणि भिंत मोकळी कर. मला तशी घाई नाही, पण वर्षभर जाहिरात लावून बसायचीही हौस नाही.

माल असा आहे. टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर), त्याला ऑर्टोफॉनची २एम रेड कार्ट्रिज (सुई बसते तो भाग). एनएडी ३०२० अँप. बोस ९०१ सिरीज ४ ची जोडी, सोबत त्यांचा इक्वलायझरचा डबा. एक जुना सीडी प्लेअर, आत फिलिप्सचा स्विंग-आर्मवाला मेकॅनिझम आणि टीडीए१५४१ चिप (डिजिटलचा आवाज करणारी) आहे. एक एव्ही रिसिव्हर (होम थिएटरचा अँप), दहाएक वर्षं वापरलेला. आणि केबल्सची एक भलीमोठी पिशवी जिच्यात काय काय आहे मलाही माहीत नाही.

आता गोंधळ असा की नेटवर बघायला गेलो तर त्याच टर्नटेबलला एक जण जेवढे मागतोय त्याच्या तिप्पट दुसरा मागतोय, फोटोत तर दोन्ही सारखेच दिसतात. एका दुकानदाराला विचारलं तर त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहा न घेताच निघालो. एक ओळखीचा म्हणतो व्हिंटेज आहे, चढा भाव लाव, दुसरा म्हणतो चाळीस वर्षांचं लोखंड आहे ते, कोण घेतंय. मला कोणाला लुबाडायचं नाहीये आणि स्वतःही मूर्ख ठरायचं नाहीये. नेमका कुठला आकडा धरायचा? आधी दुरुस्ती करून विकू का आहे तसं? आणि सगळं एकत्र देऊ का सुटं सुटं?

व्हॉल्यूमदादा

पहिली गोष्ट, मागितलेला भाव बघणं बंद करा. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. ती जाहिरात चार महिने तशीच पडून असेल तर त्यातून एकच गोष्ट कळते की त्या भावात कोणी घेतलेलं नाही. तुम्हाला हवेत विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे. ईबेवर सोल्ड आयटम्सचा फिल्टर आहे तो लावा, हायफायशार्क नावाची साइट आहे ती वेगवेगळ्या ठिकाणच्या जाहिराती गोळा करते, जुन्याही दाखवते, तिथे एखादं मॉडेल टाकलं की लोक काय मागत आलेत त्याचा अंदाज येतो. ईबेवर एक गोम लक्षात ठेवा, बेस्ट ऑफरने गेलेल्या वस्तूचा मूळ आकडा नुसता खोडलेला दिसतो, खरी किती रकमेला गेली ते तिथे लिहिलेलं नसतं. म्हणजे खोडलेला आकडा दिसला की सौदा त्याच्या खाली झालाय असं समजायचं.

मग काय करायचं, सात-आठ सौदे गोळा करायचे. त्यातला सगळ्यात वरचा बहुतेक वेळा एखाद्या दुकानाचा असतो ज्यांनी पूर्ण सर्व्हिस करून, वॉरंटी देऊन विकलेला असतो, तुम्ही वॉरंटी देणार आहात का? नाही ना, मग तो काढा. सगळ्यात खालचा 'पार्ट्ससाठी' म्हणून गेलेला असतो, तोही काढा. उरलेल्यातला मधला जो असेल तो तुमचा पाया. सरासरी काढू नका, एखादा येडा सौदा सरासरी कुठल्या कुठे नेतो.

आणि तुम्ही विकत घेतलं तेव्हा काय मोजले होते ते विसरा. समोरच्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तुम्ही महाग घेतलं असेल तर तो तुमचा प्रश्न आणि स्वस्तात मिळालं असेल तर ते तुमचं नशीब, दोन्ही गोष्टी भावात येत नाहीत.

आता तुमच्या मालाबद्दल. टेक्निक्सला कायम गिऱ्हाईक आहे, एमके२ आला १९७९ मध्ये, ती सगळी लाईन कंपनीने २०१० मध्ये बंद केली आणि तेव्हा वापरलेल्यांचे भाव वर गेले. पण २०१६ पासून नवीन १२०० परत यायला लागले आणि २०१९ मध्ये एमके७ आला, म्हणजे आज नवा कोरा डब्यातला वॉरंटीसकट मिळतो. त्यामुळे जुन्याच्या डोक्यावर छप्पर आलं. जुना एमके२ नव्या एमके७ च्या जवळपास मागणारे खूप आहेत, त्यांचे टर्नटेबल तिथेच धूळ खात बसलेले असतात. जुनं मॉडेल परत बाजारात आलंय का हे प्रत्येक वस्तूसाठी आधी बघा, भावाला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

एव्ही रिसिव्हरबद्दल वाईट बातमी आहे पण ती पुढे कोणीतरी सांगेलच.

तिखट_ट्रेबल

रास्त भाव वगैरे काही नसतं हो. एका माणसाला पाहिजे आणि एकाला नको, मधे कुठेतरी जमतं. जास्तीत जास्त मागा, नाही गेलं तर कमी करा. एवढा अभ्यास कशाला?

कॅपॅसिटरवाला

तिखटराव, अभ्यास यासाठी की अभ्यास केलेला घेणारा समोर आला की विकणाऱ्याची पंचाईत होते. असो.

मी दुरुस्तीच्या बाजूने बोलतो, रोज हेच बघतो. 'आधी दुरुस्त करू का' ह्याचं उत्तर वस्तू बघून द्यायला लागतं पण ढोबळ सांगायचं तर स्वस्त आणि दिसणारं काम करा, महाग आणि न दिसणारं करू नका. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येतेय? कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पाच मिनिटांचं काम आहे आणि घेणारा येऊन पहिलं तेच बटण फिरवतो, खरखर ऐकली की त्याच्या डोक्यात सगळा अँप खराब. पण सगळे कॅपॅसिटर बदलून घेतले तर तो खर्च किमतीत कधीच पूर्ण वसूल होत नाही, फार तर अर्धा. ज्याला करायचं तो स्वतःच्या माणसाकडून करून घेईल, तुमच्या माणसावर त्याचा विश्वास कशाला बसेल. हां, पूर्वी कधी केलं असेल आणि बिल असेल तर बिलाचा फोटो लावा, त्याला नक्की किंमत आहे. फक्त दोनच कॅपॅसिटर बदलले असतील तर 'रीकॅप केलेला' असं लिहू नका, झाकण उघडलं की कळतं.

३०२० बद्दल. १९७८ चा डिझाईन, २० वॅटचा, पुष्कळ बनले म्हणून पुष्कळ मिळतात, भाव फार चढत नाही. विकायच्या आधी मल्टिमीटरने डीसी ऑफसेट मोजा, म्हणजे गाणं वाजत नसतानाही स्पीकरकडे जाणारं डीसी व्होल्टेज. अँप चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, इनपुट काही नको, व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर काढलेले, मग स्पीकर टर्मिनलवर मिलिव्होल्टमध्ये वाचा. वीस-तीसच्या आत असेल तर छान, पन्नासच्या आत चालतं, शंभराच्या वर दिसला तर तसा विकू नका, कोणाचा तरी वूफर जाईल. तो आकडा जाहिरातीत लिहिला ना, की समजणारा माणूस तिथेच अर्धा पटतो. असं लिहिणारे फार कमी असतात.

दुसरं, ३०२० च्या मागे प्री-आउट (प्रीअँपमधून बाहेर) आणि मेन-इन (पॉवर अँपमध्ये आत) जोडणारे यू आकाराचे छोटे धातूचे लिंक असतात. तुम्ही बोसचा इक्वलायझर तिथेच मधे जोडला असणार ना? मग ते लिंक काढले असतील. ते कुठे आहेत? ते नसतील तर घेणारा घरी जाऊन अँप लावेल आणि आवाजच येणार नाही, मग रात्री तुम्हाला फोन. छोटी आरसीए केबल लावूनही चालतं पण ओरिजिनल लिंक असले तर तेवढाच मान.

आणि एक विचारू का, २० वॅटवर ९०१ चालवत होतात? धन्य आहात.

त्या ९०१ चं खरं दुखणं फोममध्ये आहे. १९६८ ला आलेल्या पहिल्या आणि त्यानंतरच्या दुसऱ्या सिरीजला कोनभोवती (स्पीकरचा हलणारा पडदा) कापडाची कडा होती, सिरीज ३ पासून पुढे फोम आला आणि फोम हवेनेच सडतो, वापरा नाहीतर नका वापरू. एका स्पीकरच्या खोक्यात ९ ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर), जोडीत १८. म्हणजे दोन वूफरचा फोम बदलायचा आणि १८ चा बदलायचा ह्यात मजुरीचा फरक बघा. जाळी काढून बोट लावून पाहा, भुगा हाताला आला तर आता ते वाजवू नका, कोन डगमगला की कॉइल घासते आणि मग फोम बदलूनही उपयोग होत नाही. स्वतः बदलायला जाऊ नका, 'फोम बदलावा लागेल' असं स्वच्छ लिहून तेवढा भाव कमी करा. बदलणारे हौशी लोक अशाच जोड्या शोधत असतात.

सीडी प्लेअरला टीडीए१५४१ मुळे गिऱ्हाईक मिळेल, पण त्याचा जीव लेझरमध्ये आहे. नवा लेझर सहज मिळत नाही, म्हणजे घेणारा जुगारच खेळतोय, तेवढी सूट त्याला द्यायलाच हवी. जुनी ओरखडे असलेली सीडी लावून शेवटच्या ट्रॅकपर्यंत नीट वाजते का ते बघा, नुसती नवी सीडी वाजली म्हणजे झालं असं नाही. ज्या वस्तूचा एखादा भाग आता बनतच नाही तिथे हाच हिशोब. यामाहाचा बी-१ अँप घ्या, त्यातले व्ही-फेट ट्रान्झिस्टर उडाले तर काय करणार? सान्योचे एसटीके मॉड्यूल (अँपचा आउटपुट भाग एकाच तुकड्यात) असलेले अँप तसेच, ओरिजिनल मिळत नाहीत आणि बाजारात नकली भरपूर. वाजतंय तोवर सोनं.

रेकॉर्डवेडी

मी घेणारी बाजू सांगते, कारण मी विकण्यापेक्षा घेतच जास्त असते (घरचे ओरडतात तो भाग वेगळा).

मी जाहिरात उघडली की आधी फोटो बघते. समोरून एकच फोटो, तोही अंधारात आणि लाईट लावलेल्या डायलचा, की मी मनात वीस टक्के कमी करते. मला मागची बाजू हवी, टर्मिनल हवेत, सिरियल नंबरची पट्टी हवी, स्पीकरच्या कोनचा जवळून फोटो हवा जाळी काढून, आणि कोपरे, कारण स्पीकर नेहमी कोपऱ्यावरच आपटतात. ओरखडा असेल तर त्याचाच मोठा फोटो लावा. गंमत अशी की ओरखडा दाखवलेला माल मी जास्त भावात घेते आणि न दाखवलेला पण तिथे गेल्यावर दिसलेला मी घेतच नाही, मग तो कितीही छोटा असो.

टर्नटेबल असेल तर मी विचारते सुई किती वाजलीये. 'थोडीच' हे उत्तर नाही. साधारण हजार तास आयुष्य धरतात, कोणी तास मोजून ठेवत नाही हे मलाही माहिती आहे, म्हणून मी सरळ नवी सुई घ्यावी लागेल असं धरून तेवढे वजा करते. म्हणजे तुमची २एम रेड नवीन नसेल तर तिचे वेगळे पैसे लावू नका, टर्नटेबलसोबत द्या, तिचा फायदा एवढाच की तिथल्या तिथे वाजवून दाखवता येतं. आणि हो, त्याच कार्ट्रिजवर पुढे २एम ब्लूची सुई बसते, हे जाहिरातीत टाका, नवशिक्याला आवडतं.

१२०० असेल तर मी काय बघते सांगते. स्ट्रोबच्या (स्पीड तपासायचा दिवा) लाल उजेडात थाळीच्या कडेचे ठिपके स्थिर उभे राहतात का. पिच शून्यावर आणताना खटका लागतो तिथे स्पीड हलतो का. ती वर उसळणारी छोटी लाईट लागते का, बहुतेकांची गेलेली असते. हेडशेल (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते तो भाग) दोन बोटांत हलकेच धरून आर्म हलवला तर बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो का. आणि तो कधी डीजेकडे होता का. डीजेकडचा असेल तर तो वाईट असतो असं नाही, पण भाव वेगळा.

तिखट_ट्रेबल, 'जास्तीत जास्त मागा आणि मग कमी करा' हे ऐकायला बरं वाटतं, पण एकच जाहिरात तीनदा कमी झालेली दिसली की मी चौथ्यांदा कमी व्हायची वाट बघत बसते. सगळेच बसतात.

तिखट_ट्रेबल

ताई तुमच्यासारखे घेणारे असतील तर मग मी विकणारच नाही 😄 पण वाट बघत बसतात हे खरंय, मान्य.

निवांत_ऐकणारा

बाप रे, एवढं डिटेल कोणी सांगेल वाटलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सगळं उघडून बसलो.

बोसची जाळी काढली आणि नुसता हात लावला तर काळा भुगा. म्हणजे तो विषय संपला. आवाज तर कालपर्यंत ठीकच वाटत होता, कान सवय करून घेतात बहुतेक. वाजवणं बंद केलंय.

एनएडीचा ऑफसेट डावीकडे १८ आणि उजवीकडे २६ आला. व्हॉल्यूमला खरखर होती, क्लीनर मारला, गेली. ते यू लिंक सापडले, स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात होते, बायको म्हणाली मी ते फेकणारच होते.

टर्नटेबलचे ठिपके स्थिर आहेत, आर्ममध्ये खेळ नाही, छोटी लाईट मात्र लागत नाही. झाकणाला एक बारीक तडा आहे बिजागराजवळ. मूळ खोका नाही.

सीडी प्लेअर जुन्या सीडीवर शेवटच्या दोन ट्रॅकला अडखळतो. रिसिव्हरचं एचडीएमआय १.४ आहे असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. त्याची वाईट बातमी सांगूनच टाका आता. आणि एवढ्यावरून भाव लावायचा तर वजाबाकी कशी करायची, कोणी हिशोब मांडून दाखवेल का? आणि दुकानदार निम्म्याहून कमी का म्हणतो ते पण.

व्हॉल्यूमदादा

आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे म्हणून आपण पायाभाव १०० धरू, म्हणजे मी वर सांगितला तसा मधला सौदा. त्या सौद्यातली वस्तू म्हणजे नीट चालणारी, थोडेफार ओरखडे, खोका नाही, सर्व्हिसचा कागद नाही. आता तुमची वस्तू त्यापेक्षा कुठे कमी-जास्त आहे तेवढंच बघायचं, बाकी काही नाही.

टर्नटेबल: लाईट नाही, ५ कमी. झाकणाला तडा, १० कमी, कारण झाकण वेगळं घ्यायला गेलं तर महाग पडतं आणि फोटोत ते पहिलं दिसतं. कार्ट्रिज सोबत देताय, सुई जुनी, ५ जास्त. म्हणजे ९० ला आलो. खोका नाही ह्याचे वेगळे कापू नका, पायाभावात ते आधीच आलंय, लोक तिथे दोनदा कापतात. मागताना ९८-१०० मागा, ९० ला द्या, ८५ च्या खाली गेलात तर मला सांगा मीच घेतो.

एनएडी: ऑफसेट छान, बटण साफ, लिंक आहेत, १०५ मागून १०० ला द्या. पण हे १०० म्हणजेच मुळात फार नाही, कारण आता नवीन छोटे क्लास डी अँप एवढे स्वस्त आणि बरे झालेत की साध्या जुन्या अँपला त्यांनीच खाली दाबलंय. ३०२० ला नावामुळे तरी मागणी आहे, त्याच काळातल्या बिननावाच्या इंटिग्रेटेड अँपला आता कोणी विचारत नाही. उलट टोकाला पायोनियरचा एसएक्स-१९८० रिसिव्हर बघा, १९७८ चा, चॅनेलला २७० वॅट, त्याला आजही रांग लागते, कारण तसं अवजड काही आता त्या वर्गात कोणी बनवतच नाही. म्हणजे जुनं आहे म्हणून भाव नाही, त्याच्या जागी दुसरं काय मिळतं त्यावर भाव.

बोस: इथे पाया बदलायचा. चालू जोड्यांचे सौदे नका बघू, 'फोम गेलेल्या' जोड्यांचे बघा आणि तोच १०० धरा. तुमचे कोन फाटलेले नाहीत, कॉइल घासत नाही, इक्वलायझर आहे, म्हणून त्या गटात तुम्ही वरच्या टोकाला, ११० मागा. चालू जोडीच्या भावातून १८ ड्रायव्हरची मजुरी वजा करून आलेला आकडा लावलात तरी कोणी घेणार नाही, कारण मग घेणाऱ्याला स्वतःच्या कष्टाचं काहीच सुटत नाही. नुसता खर्च नाही, कटकटीचेही पैसे वजा करायला लागतात, हे विकणाऱ्याला पटत नाही पण आहे तसं.

सीडी प्लेअर: अडखळतो म्हणजे तो आता चालू गटात नाहीच. 'दुरुस्तीसाठी' लिहा. लेन्स साफ करून बघा एकदा, त्याने सुटलं तर चांगलंच, पण नाही सुटलं तर नाटक नको.

आता रिसिव्हर. एचडीएमआय १.४ म्हणजे फोर-के साठ फ्रेमचं चित्र त्यातून जात नाही, अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज देणारी सराउंड पद्धत) घरच्या रिसिव्हरमध्ये २०१४ पासून आलं आणि तुमच्यात नसणार. आतले अँप अजून उत्तम असतील पण घेणारा पोर्ट मोजतो. नव्याच्या १०-१५ टक्के आले तरी हो म्हणा. ह्या जातीच्या वस्तूला थांबून फायदा कधीच होत नाही, दर वर्षी अजून खाली. आधी हाच विका, आज विका. टर्नटेबल सहा महिन्यांनी विकलात तरी फरक नाही.

दुकानदाराचं म्हणाल तर त्याचा राग धरू नका. तो तुमच्याकडून ४०-४५ ला घेणार, त्याला टेक्निशियन, जागा, विकल्यावर परत आलं तर परत घ्यायचं, आणि कदाचित सहा महिने पडून राहणार, मग तो १०० ला विकणार. तुम्हाला त्याच दिवशी पैसे, लोकांचे फोन नाहीत, घरात अनोळखी माणूस नाही. कोणाला ते परवडतं. मी स्वतः रिसिव्हर आणि सीडी प्लेअर दुकानात टाकेन आणि बाकीचं हातानं विकेन.

कॅपॅसिटरवाला

व्हॉल्यूमदादांच्या हिशोबाला हरकत नाही, फक्त झाकणाचे १० मला जास्त वाटतात, ऐकणारा माणूस झाकण काढूनच ठेवतो.

एकत्र की सुटं ह्याचं कोणी बोललं नाही. सुटं विका. सगळं एकत्र घेणारा माणूस त्यातल्या एकाच वस्तूसाठी आलेला असतो आणि बाकीच्याचे तो शून्य धरतो. दोनच गोष्टी कधी तोडू नका: इक्वलायझर आणि ९०१. तो डबा नसेल तर ते स्पीकर नीट वाजतच नाहीत, सगळा आवाज मधल्या पट्टीत कोंबल्यासारखा येतो, आणि प्रत्येक सिरीजचा डबा त्या सिरीजसाठी ट्यून केलेला असतो. आत्तापासून तुम्हाला मेसेज येतील की 'नुसता इक्वलायझर देता का', चांगला भाव पण देतील. देऊ नका, मागे उरलेली जोडी कोणी उचलणार नाही.

रिमोट, मॅन्युअल, एरियलची वायर, जे काय मूळचं असेल ते शोधून ठेवा. रिसिव्हरचा रिमोट नसेल तर त्याचे सेटिंगच करता येत नाहीत, मग तो १० टक्केही विसरा.

रेकॉर्डवेडी

झाकण काढून ठेवणारे तुम्ही असाल, माझ्या घरी मांजर आहे, झाकणाचे १० अगदी बरोबर.

एक राहिलं, व्होल्टेज. मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलंय त्याचा फोटो टाका. जपानच्या घरगुती बाजारातला माल १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२०, आणि २३० च्या प्लगमध्ये तसाच लावला तर धूर. असा माल असेल तर ट्रान्सफॉर्मरचे पैसे घेणारा कापणारच, आणि लिहिलं नसेल आणि त्याने लावला तर भांडण.

आणि समोरासमोर विकणार असाल तर सिस्टीम जोडून ठेवा, वाजत असताना विका. वायरी काढून कोपऱ्यात रचून ठेवलेल्या मालाला 'आधी चालत होता' असं सांगितलं तरी मी 'बंद' असाच भाव लावते. बोस वाजवायचे नाहीत हे बरोबर, पण अँप दुसऱ्या कुठल्यातरी स्पीकरवर वाजवून दाखवा, दोन्ही चॅनेल, बॅलन्सचं बटण या टोकाला त्या टोकाला नेऊन. लांबचं गिऱ्हाईक असेल तर ह्याचाच एक मिनिटाचा व्हिडिओ.

निवांत_ऐकणारा

पट्टी बघितली, सगळं २३० वर चालणारं आहे, सुटलो.

रिसिव्हर आजच दुकानात देऊन आलो, रिमोटसकट. १२ टक्के म्हणाला, मी फार बोललो नाही. सीडी प्लेअरची लेन्स साफ केली, एक ट्रॅक सुधारला, शेवटचा अजून अडखळतो, तसंच लिहितोय.

टर्नटेबलचा एक घेणारा लांबचा आहे, पाठवाल का विचारतोय. खोका तर नाही. आणि 'लास्ट प्राइस काय' असे मेसेज तर एवढे आलेत की विचारू नका, त्यांना काय उत्तर देतात?

व्हॉल्यूमदादा

'लास्ट प्राइस काय' वाल्याला मी एकच उत्तर देतो, येऊन बघा, ऐका, मग बोलू. निम्मे गप्प होतात. न बघता घासाघीस करणाऱ्याला एकदा खाली आकडा सांगितलात की तो आल्यावर तिथून परत सुरू करतो, म्हणजे तुमचा ९० चा ८० झाला आणि त्याने अजून लाईटबद्दल तोंडही उघडलेलं नाही.

पाठवायचं असेल तर पाठवण्याचा खर्च आणि विमा घेणाऱ्याचा, भावात मिसळू नका, वेगळा सांगा. पेपॅलने पैसे घेणार असाल तर फी कोण देणार हे आधी बोला. फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठवायला घेणाऱ्यावर जबरदस्ती करू नका, त्यात त्याला संरक्षण नसतं आणि शहाणा माणूस तिथूनच परत जातो.

आणि १२०० खोक्याशिवाय पाठवणं म्हणजे जपून काम. प्लॅटर (फिरणारी थाळी) काढून वेगळा गुंडाळायचा, काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) काढायचं, कार्ट्रिजसकट हेडशेल काढून छोट्या डबीत, आर्म त्याच्या स्टँडला बांधायचा, झाकण बिजागरातून काढून वेगळं, मग एका खोक्यात दुसरा खोका आणि मधे चारी बाजूंनी जाड फोम. प्लॅटर तसाच ठेवून पाठवलात तर वाटेत तो उडून आर्मवर आपटतो. हे सगळं करायला अर्धा दिवस जातो, त्यामुळे जवळचा माणूस ८८ ला मागत असेल आणि लांबचा ९५ ला, तर मी जवळच्याला देईन.

कॅपॅसिटरवाला

ते काउंटरवेट कागदात गुंडाळून तसंच खोक्यात टाकू नका फक्त, प्लॅटरच्या मधल्या भोकात वगैरे तर अजिबात नको. मी उघडलेल्या अशा एका खोक्यात त्याने आतून झाकण फोडलं होतं.

तिखट_ट्रेबल

केबलच्या पिशवीचं काय ठरलं?

निवांत_ऐकणारा

त्यात दोन चांगल्या आरसीए निघाल्या, त्या टर्नटेबलवाल्याला देणार होतो, पण त्याला आधीच जोडलेल्या केबल आहेत त्यामुळे एनएडीबरोबर देतो. बाकी पिशवी फुकट, येऊन घेऊन जा कोणीही.

रेकॉर्डवेडी

पिशवी मी घेते. आणि ८८ वाला जवळचा माणूस नसेल मिळाला तर टर्नटेबलचंही बोलू, मेसेज टाकलाय बघा.